दोन्ही ऑक्सिजन सेन्सर विकत घेण्याआधी फ्यूज बघा

अमळनेरच्या एका गाडीमालकाचा प्रश्न आहे. २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक, ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे चाललेली. काही दिवसांपासून डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट लागून राहिलाय. गावातल्या गावात अ‍ॅव्हरेज पडलंय, पण धुळ्याला जाऊन यायचं म्हटलं तर गाडी नेहमीसारखी पळते. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१३५ आणि पी०१४१ असे दोन कोड निघाले. "दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेले, बदलावे लागतील," असं त्याने सांगितलं. हे काम घरी अंगणात जमेल का, आणि खरंच दोन्ही बदलायचे का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, काम घरी जमतं. सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात आट्यांवर बसवलेला एक मोठा नट आणि त्याच्या शेपटीला चार वायरी. बाकी त्यात काही नाही. पण तुम्ही सांगितलेले कोड बघता, पाना हातात घ्यायच्या आधी तासभर तपासणीला द्या. त्यात कदाचित एका फ्यूजवर काम भागेल, आणि नाहीच भागलं तर दोनाऐवजी एकच सेन्सर घ्यावा लागेल.

पी०१३५ म्हणजे इंजिनाजवळच्या पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या (सेन्सरला तापवणाऱ्या आतल्या तारेच्या) सर्किटमध्ये दोष. पी०१४१ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या पाइपातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागे असलेल्या दुसऱ्या सेन्सरच्या हीटरचा तोच दोष. काही गाड्यांत याच दुखण्याला पी००३१, पी००३२ किंवा पी००३७, पी००३८ असे कोड येतात. लक्षात घ्या, दोन्ही कोड हीटरचे आहेत. सेन्सर चुकीचं वाचतोय असं ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कुठेच म्हणत नाही. दोन सेन्सर, दोन वेगळ्या जागा, एक जास्त तापणारा, एक कमी तापणारा. दोघांचेही हीटर एकदमच जळतील हे मला पटत नाही. बऱ्याच गाड्यांत दोन्ही हीटरना वीज एकाच फ्यूजमधून जाते. तो फ्यूज उडाला की दोन्ही कोड जोडीनेच येतात.

म्हणून पहिलं काम: बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे नकाशा असतो, त्यात हीटरचा फ्यूज शोधा. कधी तो 'ओटू हीटर' म्हणून लिहिलेला असतो, कधी इंजिनच्या इतर सेन्सरांबरोबर एकाच नावाखाली असतो. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल बघा. फ्यूज उपसून उजेडात धरा. आतली तार तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली, तर तितक्याच अँपिअरचा नवा घाला. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. दहाच्या जागी वीसचा घालणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जाळायची सोय करणं.

फ्यूज उडाला, पण उगाच उडत नाही. त्यामागे दोनच कारणं मला वारंवार दिसतात. एक, सेन्सरची वायर क्लिपमधून सुटून गरम पाइपाला टेकते, वरचं आवरण वितळतं आणि तार बॉडीला लागते. दुसरं कारण आपल्याकडचं खास: उंदीर. कापूस घरात येऊन पडला की त्याच्यामागे उंदीर येतात, आणि रात्री इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली जाऊन बसतात. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचीही हीच गत. कुरतडलेली वायर वरून सहज दिसत नाही, कारण ती नळीच्या आत असते. मोबाइलचा टॉर्च घ्या, सेन्सरपासून कपलरपर्यंत (वायरी जोडायच्या-सोडायच्या प्लगपर्यंत) आणि कपलरपासून मुख्य वायरिंगपर्यंत बोटांनी चाचपत जा. लेंड्या दिसल्या की तिथे जास्त वेळ थांबा.

आता दोन्ही सेन्सरचे कपलर सोडवून ठेवा, नवा फ्यूज घाला, इंजिन चालू करा. तरीही फ्यूज उडाला तर दोष वायरिंगमध्ये आहे, सेन्सरचा काही संबंध नाही. नाही उडाला तर इंजिन बंद करून एक कपलर जोडा, पुन्हा चालू करा. मग दुसरा. ज्याला जोडल्यावर फ्यूज जातो तो गुन्हेगार. दोन-चार फ्यूज खर्ची पडतील, ते आधीच आणून ठेवा. सेन्सरच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

फ्यूज शाबूत निघाला तर मल्टिमीटर काढा. साधा, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा चालतो. इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूच्या वायरी बघा. चारपैकी दोन एकाच रंगाच्या असतात, पांढऱ्या-पांढऱ्या किंवा काळ्या-काळ्या. त्या हीटरच्या. मीटर ओहमवर ठेवून त्या दोघींमध्ये मोजा. चांगला हीटर साधारण २ ते १५ ओहमच्या दरम्यान काहीतरी दाखवतो; गाडीगणिक आकडा बदलतो. मीटर ढिम्म हललं नाही तर आतली तार तुटली. आकडा शून्याला टेकला तर हीटर शॉर्ट. नेमका आकडा किती हवा याचा सोपा उपाय म्हणजे मीटर खिशात घालून स्पेअर पार्टच्या दुकानात जाणं आणि काउंटरवरच नवा सेन्सर मोजून बघणं. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

मग गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये वीज येते का तेही बघा. इंजिन चालू, मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन हीटरच्या दोन टोकांपैकी एकेकाला. एका टोकावर बॅटरीइतका व्होल्टेज दिसलाच पाहिजे. दुसरं टोक ईसीएम स्वतः जमिनीला (अर्थला) जोडतो-सोडतो, त्यावर आता काही दिसलं नाही तरी बिघडत नाही. वीज येते आणि हीटर तुटलेला आहे, एवढं सिद्ध झालं, की मगच सेन्सरवर पैसे घाला.

तुमचं अ‍ॅव्हरेज गावातच का पडतं याचं उत्तरही या हीटरमध्येच आहे. सेन्सरच्या आत झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी असते. ती ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. तापली की बाहेरच्या हवेतला आणि धुरातला ऑक्सिजन यांच्या फरकावरून ती व्होल्टेज देते: मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करत एका किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण धरून ठेवतो. हायवेला धूर इतका गरम असतो की हीटर नसला तरी सेन्सर तापतो. गावात बाजारपेठेतून स्टेशनपर्यंत जायचं, पाच मिनिटं गाडी उभी, परत पाच मिनिटं चालली, अशा फिरण्यात सेन्सर थंडच राहतो आणि ईसीएम अंदाजाने, म्हणजे थोडं सढळ हाताने, पेट्रोल सोडत राहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ वर गेला तरी सेन्सरच्या दृष्टीने ती थंडीच. काही गाड्यांत हीटरचा कोड पडला की ईसीएम सेन्सर तापलेला असतानाही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. मग हायवेलाही अ‍ॅव्हरेज मार खातं. तुमच्या गाडीचं तसं दिसत नाही.

पेट्रोलमध्ये सेन्सर बुडवून साफ करायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तुटलेली हीटरची तार धुऊन जुळत नाही. तो वेळ वाचवा.

सेन्सर घेताना गाडीचा मॉडेल, साल आणि जुन्या सेन्सरवर कोरलेला नंबर, तिन्ही सांगा. बॉश, डेन्सो, एनटीके हे या कामातले जुने बनवणारे. गाडी कंपनीच्या डब्यात पुष्कळदा यांचाच माल असतो आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात तो स्वस्त पडतो. पण याच नावांचे डुप्लिकेटही फिरतात, तेव्हा पक्कं बिल घ्या. आपल्या गाडीचाच कपलर लावलेला सेन्सर घ्या. वायरी तोडून जोडायचा 'युनिव्हर्सल' घेऊ नका. घ्यावाच लागला तर जोड क्रिंप करा (दाबून बसवा), सोल्डर करू नका. सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरांत ती वायरीच्या तारांमधल्या फटींतून आत जाते. सोल्डरने ती वाट बुजते, आणि नवा कोरा सेन्सर खोटं बोलायला लागतो. याच कारणासाठी कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही. पुढचा आणि मागचा सेन्सर दिसायला सारखे असले तरी वायरीची लांबी आणि कपलर वेगळे असू शकतात, तेही बघून घ्या. आणि हे सगळं चार वायरींच्या साध्या सेन्सरचं चाललंय. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याला जास्त वायरी असतात आणि त्याचं वाचन निराळं. तिथे साधा बसवून चालत नाही.

आता काढणं. कामाची सगळी मेहनत इथे आहे. सेन्सरचा नट २२ चा, आटे १८ मिलिमीटरचे, दीडचा पिच. इंजिनाजवळचा सेन्सर काही गाड्यांत रेडिएटरच्या बाजूला समोरच दिसतो, काहींत मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे) अडचणीत असतो. वर पत्र्याचं कवच असेल तर ते आधी काढा. मागचा सेन्सर खालून काढावा लागतो. त्यासाठी गाडी उचलणार असाल तर सिमेंटच्या ओट्यावर किंवा फरशीवर उचला. आपल्या काळ्या मातीत जॅक सरळ धसतो. दुसरी जागाच नसेल तर जॅकखाली जाड फळी, चाकांमागे दगड, आणि गाडीखाली घोडी (जॅक स्टँड). नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचं नाही.

आदल्या संध्याकाळी, सायलेन्सर पूर्ण थंड असताना, आट्यांच्या बुडाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारून ठेवा. गरम पाइपावर मारू नका, पेट घेतो. सकाळी इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं थांबा. कोमट धातू थोडा सैलावतो. पूर्ण थंड असताना झटापट केली तर आटे ओरबाडून निघण्याची भीती जास्त, आणि रसरशीत गरम असताना हात भाजतो. चामड्याचे हातमोजे घाला. गाडी जिथे उभी करणार तिथे पऱ्हाटी, कडबा, वाळलं गवत काही नको; कन्व्हर्टर तापलेला असताना खालचं गवत पेटल्याचे प्रकार होतात.

पाना कुठला वापरायचा यात गल्लत होते. उघड्या तोंडाचा पाना नको, तो नटाचे कोपरे खातो. सेन्सरसाठी बाजूने चीर असलेली २२ ची गोटी मिळते. ती नसेल, आणि जुना सेन्सर मेलाय हे मोजून पक्कं झालं असेल, नवा हातात असेल, तर जुन्याची वायर कापून टाका आणि पूर्ण बंद रिंग पाना घाला. चिरेच्या गोटीपेक्षा तो घट्ट बसतो, कारण जोर लावल्यावर चीर फाकत नाही.

जोर हळूहळू वाढवत न्या. मग एक "कट्" आवाज येतो आणि पाना थोडा सरकतो. माझ्याकडचा पोरगा लगेच ओरडतो, "भाऊ, फिरी ऱ्हायना!" (म्हणजे फिरतोय). मी त्याला दरवेळी विचारतो, काय फिरतंय ते बघ. सेन्सर फिरतोय की नटाच्या कोपऱ्यांवरून पाना घसरतोय? सेन्सरच्या अंगावर आधीच खडूची एक रेघ आणि तिच्या सरळ रेषेत पाइपावर दुसरी रेघ मारून ठेवली की उत्तर डोळ्यांना दिसतं. सेन्सर फिरत असेल तर अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत घट्ट, पुन्हा अर्धा सैल, असं करत काढा. कोरडा किरकिर आवाज करत जड जायला लागला की थांबा, थोडा परत आवळा, पाइप निवू द्या, तेल सोडा, मग पुढे. इथे घाई केली तर सेन्सरबरोबर पाइपातले आटेही बाहेर येतात, आणि दोन हजारांचं काम कुठल्या कुठे जातं. आटे थोडे दुखावले असतील तर १८ बाय १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवला की ते साफ होतात. पूर्णच गेले तर लेथवाल्याकडे न्या.

सेन्सर बाहेर आला की फेकून देऊ नका, टोक बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण पेट्रोलने जड चाललंय. तेलकट चिकटा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरी भुकटी म्हणजे कूलंट जळतंय, किंवा कोणीतरी इंजिन उघडून चुकीचा सिलिकॉन सीलंट थापलाय. यांतलं काही दिसलं तर ते आधी निस्तरा, नाहीतर नव्या सेन्सरचंही तेच होणार. हलका करडा-तपकिरी रंग असेल तर इंजिन ठीक आहे, हीटर आपल्या मरणाने गेला.

नवा बसवताना त्याच्या आट्यांना जामरोधक ग्रीस आधीच लावलेलं आहे का बघा. नसेल तर आट्यांनाच अगदी पातळ थर द्या. टोकाला चुकूनही लागू नये. बोटांनीही टोकाला हात लावू नका. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नका, आतलं सिरॅमिक बाहेरून न दिसता तडकतं. सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर वाकडा लागलाय, काढा आणि पुन्हा लावा. सेन्सर पूर्ण आवळून झाल्यावरच कपलर जोडा. आधी जोडून मग फिरवला तर वायरीला पीळ पडतो. आवळायला साधारण ४० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला तेरा-चौदा किलोंचा जोर, इतकाच. त्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. वायर जुन्या क्लिपांतूनच न्या, पाइपापासून लांब. बॅटरी सोडायची गरज नाही, चावी बंद असली की झालं.

मग तपासणी. ओबीडीचा (गाडीचे कोड वाचणारा) ब्लूटूथ अडॅप्टर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या पोर्टमध्ये लावा आणि मोबाइलच्या अ‍ॅपवरून कोड पुसा. बॅटरी काढून लाइट घालवू नका, त्यात ईसीएमने शिकलेलंही पुसलं जातं. लाइट न पुसताच ठेवला तरी तीन वेळा सलग सगळं ठीक आढळलं की तो आपोआप विझतो. इंजिन गरम झाल्यावर अ‍ॅपमध्ये पहिल्या सेन्सरचा आलेख उघडा. रेघ ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखी वर-खाली नाचली पाहिजे. दुसऱ्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ च्या आसपास शांत राहिली तर कन्व्हर्टर चांगला आहे. दुसराही पहिल्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरकडे बघावं लागेल, त्याचा कोड पी०४२० असतो. तो कोड आला म्हणून मागचा सेन्सर बदलणं हा आपल्याकडचा आवडता खर्च आहे, आणि बहुतेकदा तो वाया जातो.

फ्यूएल ट्रिमचा, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचा, आकडाही बघून घ्या. उणे-अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडा अधिककडे झुकलेला दिसतो. त्यात सेन्सरचा दोष नाही. ट्रिम फारच अधिक असेल तर आधी सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सर कुठे फुंकतोय का ऐका. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बिचारा सेन्सर "मिश्रण पातळ आहे" असं प्रामाणिकपणे सांगतो. बाहेरून बसवलेला सीएनजी किट असेल तर सगळी तपासणी पेट्रोलवर करा, आणि किटवाल्याने सेन्सरच्या वायरीला कुठे जोड मारलाय का तेही बघा. अशा जोडावर गुंडाळलेली टेप आपल्या उन्हात सुटते आणि कोड पडतो.

एवढं करून पी०१३५ परत आला, फ्यूज शाबूत आहे, नवा हीटर मोजल्यावर बरोबर आहे आणि कपलरला वीजही येते, तर ईसीएमकडून जमीन देणारी वायर तुटली आहे किंवा ईसीएमच्या आतलं काही गेलंय. तिथे थांबा आणि गाडी मेकॅनिककडे न नेता चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. मोजलेले आकडे कागदावर लिहून बरोबर ठेवा, म्हणजे तो पुन्हा "आधी सेन्सर बदलून बघू" म्हणणार नाही.